खोडलेले बावीस

मृगाच्या चार सरी पडून गेल्या होत्या, पडवीच्या भिंतीला खालून ओल चढायला लागली होती, आणि तांडेलाच्या मोबाईलवर त्याच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत येऊन पडली होती. बोर्डाकडे विषयाला चारशे रुपये भरले की ती मिळते. आधीच नापास, त्यात वर चारशे रुपये कशाला घालवायचे, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं आणि ते काही वावगं नव्हतं. पण मला ती पानं बघायची होती. पोर किती चुकलं ते गुणपत्रिका सांगते; कुठे आणि कसं चुकलं ते सांगत नाही. तांडेल हे त्याचं खरं नाव नव्हे. हर्णैच्या एका बोटीवर तो खलाशी म्हणून जातो आणि पुढेमागे आपण तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, होणार असं दिसेल त्याला सांगत सुटतो, म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. तर आम्ही दोघं पडवीत बाकड्यावर बसून ती पानं बोटांनी मोठी करकरून बघत होतो. बरीचशी कोरी. कोऱ्या पानांवर तपासणाऱ्यानं मारलेली तिरकी रेघ. मध्येच एक पान मात्र वरपासून खालपर्यंत भरलेलं, आणि तेवढंच्या तेवढं खोडलेलं.

प्रश्न नेहमीचा होता. दोन अंकी किती संख्यांना ४ ने पूर्ण भाग जातो? पोरानं पहिलं पद १२ लिहिलेलं, शेवटचं ९६, फरक ४. सूत्र मांडलेलं, ९६ मधून १२ वजा केलेले, ८४ ला ४ ने भागून २१, त्यात एक मिळवून २२. कुठेही पाय घसरलेला नाही. आणि या सगळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, त्याच्याच पेनाच्या. खाली मोठ्या अक्षरात नुसतं ‘२४’.

“हे का खोडलंस?”

“पुढच्या बाकावरच्यानं बोटं दाखवली. आधी दोन, मग चार.”

“अरे पण तुझं मांडून आलेलं होतं.”

“तो हुशार हाय, आप्पा.”

९६ ला ४ ने भागलं की २४ येतात. पण त्यात ४ आणि ८ हे दोन एकअंकी गडी फुकटात आत शिरतात. ते काढले की उरतात २२. म्हणजे पुढच्या बाकावरच्या हुशारानं घाईनं भागाकार उरकला होता आणि आमच्या तांडेलानं शिस्तीत मांडणी केली होती. ती त्यानं स्वतःच मोडून टाकली. तेवढ्या दोन-तीन गुणांनी तो काही पास झाला नसता, कोरी पानं पुष्कळ होती. तरी ते पान माझ्या डोक्यातून जाईना. कॉपीविरुद्ध भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, कॉपीमुक्त अभियान आहे, आणि त्या सगळ्यांची नजर पोरांच्या खिशाकडे. याच्या खिशात चिठ्ठी नव्हती. दुसऱ्याचं ते बरोबर आणि आपलं ते चूक, हे मात्र तो घरूनच घेऊन गेला होता. ते पकडायला कुठलं पथक येणार?

आमच्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल राज्यात पहिला, ही आता बातमी राहिलेली नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून वेगळं विभागीय मंडळ झालं तेव्हापासून तेच चाललंय. २०२२ ला ९९.२७ टक्के, २०२४ ला ९९.०१, २०२५ ला ९८.८२. निकालाच्या दिवशी मुंबईतले नातेवाईक फोन करून आपणच पेपर लिहून आल्यासारखे ‘आपलं कोकण’ म्हणतात. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण शंभरात नव्व्याण्णव पास होतात तिथे उरलेल्या एकाचं काय होतं, ते या पोरामुळे जवळून बघायला मिळालं. मी १९७७ ला दहावीला बसलो. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त आपटले होते. नापास होणं ही वाडीतली चारचौघांसारखी गोष्ट होती. ऑक्टोबरला बसा नाहीतर मुंबईची गाडी पकडा. माझा सख्खा चुलतभाऊ गणितात गेला, पंधरा दिवसांत लालबागच्या खोलीत वळकटी टाकून गिरणीत बदलीवर लागला. पुढे आयुष्यभर तो आपल्या गणिताच्या गुणांचा किस्सा हसत सांगायचा. ऑक्टोबरची वारी म्हणून लोक थट्टा करायचे आणि ज्याची थट्टा व्हायची तोही हसायचा, कारण वारीला गर्दी असायची. पेपरात बोर्डात आलेल्यांचे फोटो यायचे, आई पेढा भरवतेय असे, आणि ती दुसऱ्या जगातली माणसं आहेत असं समजून आम्ही पान उलटायचो.

आता २०१५ पासून फेरपरीक्षा पावसाळ्यातच होते. पोराचं वर्ष वाचतं. सोय चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. फक्त वारीत आता माणसं उरली नाहीत. जो जातो तो एकटा जातो, आणि वाडीतल्या प्रत्येकाला तो का चाललाय ते माहीत असतं.

त्यातून ही टक्केवारी म्हणजे सगळी पोरांची हुशारी असंही नाही. शाळेच्या हातातले वीस गुण किती वजनाचे आहेत ते मार्च २०१९ ला दिसलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेतले, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून धाडकन ७७.१० वर आला. केवढा गदारोळ झाला होता! पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. एका वर्षात अख्ख्या महाराष्ट्राची पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी सुधारली, असं तर होत नाही. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के पास. त्या वीस गुणांवर माझा राग नाही, राग आहे तो शंभरच्या हव्यासावर. काही शाळा नववीतच कच्च्या पोराच्या आईबापाला बोलावून घेतात आणि गोड बोलून ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा’ म्हणून सांगतात. पोर बाहेरून बसलं की शाळेच्या निकालाला त्याचा डाग लागत नाही. तांडेलाचं असंच झालं. कुठली शाळा ते सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. स्टँडवर त्या शाळेचा फ्लेक्स लागला होता, ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’, खाली मुलामुलींचे फोटो, वर पुढाऱ्यांचे त्याहून मोठे. निवारा शेडचे पत्रे गळतात, त्यामुळे तांडेल एसटीची वाट बघत नेमका त्या फ्लेक्सच्या आडोशाला उभा राहायचा. मी एकदा विचारलं, राग नाही येत रे? तर म्हणतो, “माझ्यामुळंच शंभर झाले ना त्यांचे.”

आमच्या पडवीत येणारी पोरं ही अशी. मी काही मास्तर नाही. पोस्टात काउंटरवर नोकरी केली, मुंबईत, आणि रिटायर होऊन घर दुरुस्त करून इथे येऊन राहिलो. शेजारच्या मुलीला इंग्रजीचं पत्र लिहायला मदत केली तिथून हे सुरू झालं. मार्चच्या परीक्षेला बसणारी हुशार पोरं क्लासला तालुक्याला जातात, माझ्याकडे उरतात ती जूनची. पावसाळ्यात अभ्यास घेणं हा काय प्रकार असतो ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. संध्याकाळी सातला लाईट जाते. कधी फांदी पडते, कधी डीपी उडते, वायरमन बिचारा कुठल्या तरी डोंगरावर चढलेला असतो. चार्जिंगचा दिवा लावला की त्याभोवती पंखवाले किडे गोळा होतात आणि वहीच्या पानावर पडून सरपटतात. वह्यांची पानं दमट, पेन घसरतं, कौलांवर पाऊस असा वाजतो की समोरच्याला ‘अंकगणिती श्रेढी’ हे तीनदा ओरडून सांगावं लागतं. तोवर आतून बायको चहा घेऊन येते आणि श्रेढी तिथेच राहते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारून ठेवलेल्या, जाळी घरात. तांडेलाला वर्षातले हेच दोन महिने मोकळे, आणि फेरपरीक्षाही नेमकी त्यातच येते. बायचं बरोबर उलटं. बाय म्हणजे खालच्या वाडीतली मुलगी, इंग्रजीत राहिलेली. तिच्या घरी बाप नाही, आई आणि दोन मळे. जून सरता सरता तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार होतो आणि लावणी सुरू झाली की कुणाला मान वर करायला फुरसत नसते, आज यांच्या मळ्यात तर उद्या त्यांच्या. सकाळपासून कमरेत वाकून ती संध्याकाळी माझ्याकडे येते तेव्हा पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असतात आणि हाताची बोटं पाण्यानं पांढरी, सुरकुतलेली. पेन धरलं की अंगठ्याखालून निसटतं. मग ती ते मुठीत धरते, लहान मूल खडू धरतं तसं, आणि इंग्रजी अक्षरं काढते. एकाच परीक्षेच्या दोन वाटा, आणि एकच पाऊस एकाला मोकळं करतो, दुसरीला चिखलात उभं करतो. बोर्डाच्या वेळापत्रकात हे कुठे येणार?

बायला इंग्रजीचा उतारा कसा सोडवायचा ते मी दाखवत होतो. युक्ती साधी आहे आणि सगळे क्लासवाले तीच शिकवतात. प्रश्नातला मोठा शब्द पकडायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते बोट फिरवून शोधायचं, सापडला की ते अख्खं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढायचं. अर्थ कळायलाच हवा असं नाही. त्या दिवशीच्या उताऱ्यात एक म्हातारा माणूस रोज पाखरांना दाणे टाकायचा आणि एक दिवस आलाच नाही, असं काहीसं होतं. बायनं तीन प्रश्नांची उत्तरं शोधून लिहिली, तिन्ही बरोबर. मी खूश. तर मान वर करून विचारते, “पण म्हातारा आला का नाय मग?” मला घड्याळ दिसत होतं, तिला डुलक्या येत होत्या, पत्रलेखन अजून बाकी होतं. तरी मी तो उतारा पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत बसलो. उताऱ्यात शेवट दिलेलाच नव्हता, अर्धवट कापलेला होता, तो आम्ही दोघांनी मिळून केला. पत्रलेखन त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं ‘फीड’ आणि ‘ग्रेन’ हे शब्द न विचारता सांगितले. यावरून कुणी शिक्षणशास्त्राचा सिद्धांत काढू नये. तिसऱ्या दिवशी ती ‘ग्रेन’ विसरली होती.

गणिताचं मात्र मी सरळ दुकान मांडलेलं आहे. भाग एक चाळीसचा, भाग दोन चाळीसचा. प्रत्येकात पहिला प्रश्न आठ गुणांचा: चार पर्याय निवडायचे, चार एकेका गुणाचे. मग ‘कृती पूर्ण करा’ म्हणून चौकटी येतात, दोन-दोन गुणांच्या दोन आणि तीन गुणांची एक. या चौकटी म्हणजे बोर्डानं केलेली मोठी मेहेरबानी. गणित त्यांनीच सोडवलेलं असतं, आपण मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. आठ आणि सात पंधरा. दोन्ही भागांचे तीस. त्यातले निम्मे जरी पडले आणि वर अंतर्गत गुण आले, तरी पोर काठाला लागतं. शिवाय गणित आणि विज्ञान मिळून सत्तर झाले आणि दोन्हीत पंचवीसच्या खाली कुणी नसेल, तरीही पास. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाटीवर मांडून दाखवतो. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. इतकी वर्षं त्यांना ‘गणित’ नावाची एक अखंड भिंत दाखवलेली असते. तिला दारं आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग सुरू होतो काय सोडायचं याचा अभ्यास. चौथ्या प्रश्नाकडे बघायचं नाही. पाचवा वाचायचा, पटला तर बघू. वर्तुळाची मोठी प्रमेयं सोड, पायथागोरस धर. भौमितिक रचना धर, कंपास आणि पट्टी चालवता आली की तिथे बुद्धीपेक्षा हात लागतो, आणि हात या पोरांचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. संभाव्यता धर, फासे आणि पत्ते यांना सांगावे लागत नाहीत. त्रिकोणमिती? ‘सोड रे बाबा’ असं तोंडातून निघून जातं, आणि मग उगाच वाईट वाटतं. कारण त्रिकोणमितीत दीपस्तंभावरून दिसणाऱ्या बोटीचं गणित येतं. स्तंभाची उंची इतकी, खालच्या दिशेचा कोन इतका, बोट किती लांब? पुस्तकात तिथे बोट येते, आणि बोटीवरच्या पोराला मी तेच सोडायला सांगतो. एकानं मला सुचवलं होतं, जाळ्याचे डोळे मोजून त्यांना गणित शिकवा म्हणून. ज्याला जाळं कळतं त्याला जाळ्यावरून शिकवायला जाणारा मी कोण!

गावात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. गणिताचेच. अधूनमधून पडवीत येऊन बसतात, पायरीवर छत्री निथळत ठेवतात, सगळं ऐकतात आणि जाताना एकच वाक्य टाकतात, “पोस्टमास्तर, तुम्ही गणित शिकवत नाही, पस्तीस शिकवता.” मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो, पण ते राहू दे. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं, ज्यांना आलं त्यांना उत्तम आलं. पण काउंटरच्या अलीकडे बसून लोकांचे फॉर्म भरून देण्यात माझी उमर गेली. ‘शिक्षण’ या रकान्यापाशी आलं की समोरच्या माणसाचा आवाज कसा खाली जातो ते मी रोज ऐकलंय. ‘नववी’ म्हणताना माणूस इकडेतिकडे बघतो. आणि आमच्या किनाऱ्यावर त्या रकान्याचा एक रोकडा अर्थ आहे. दहावी पास असेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येत नाही. नसेल तर कामासाठी गल्फला जाताना एमिग्रेशनची परवानगी घ्या, एजंटाच्या पाया पडा, कागद गोळा करा. पस्तीस गुणांनी तेवढं सगळं वाचतं. चाळीस आले काय आणि नव्वद आले काय, पासपोर्टाला फरक पडत नाही. आमच्या पोस्टाला मात्र पडतो. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवरच होते, तिथे पस्तीसवाल्याला कुणी विचारत नाही. म्हणजे पस्तीस कुठे चालतात आणि कुठे नाही, हे मला मास्तरांपेक्षा जरा जास्त माहीत आहे.

पण ते खोडलेलं पान पस्तिशीच्या हिशेबात बसत नव्हतं.

तांडेल आपटला तो शिमग्यामुळे, असं वाडीचं मत. कोकणातल्या पोरांच्या नशिबात बोर्डाची परीक्षा आणि शिमगा नेहमी हातात हात घालून येतात. इकडे विज्ञानाचा पेपर, तिकडे देवळात पालखीला रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागलेली. रात्री ढोल सुरू झाला की घरात पुस्तक उघडून बसलेल्या पोराचा पाय आपोआप हलायला लागतो, आणि त्याला ‘अभ्यास कर’ म्हणणारा बापही अर्ध्या तासानं देवळाकडे निघालेला असतो. मी त्या पोराला पालखी नाचवताना बघितलंय. खांद्यावर दांडा, अंगात घामानं चिकटलेला बनियन, समोर नारळ हेरलेला. चारी बाजूंनी माणसं ओरडत असतात, इकडे घे, तिकडे वळव, आणि हा कुणाचं काही ऐकत नाही. पाय कुठे टाकायचा हे त्याचं त्याला ठाऊक असतं. बोटीवरही म्हणे तसाच. पाणी कुठे खेचतंय हे म्हाताऱ्या खलाशाच्या आधी हा बोलतो, चुकला तर शिव्या खातो आणि पुन्हा बोलतो. त्याच पोराला बाकावर बसवलं, हातात प्रश्नपत्रिका दिली, की पुढच्याची दोन बोटं खरी वाटतात. हा काय चमत्कार आहे, मला अजून नीट उलगडलेला नाही. एवढं मात्र दिसतं की कोरी सोडलेली पानं आणि ते खोडलेलं पान एकाच जातीची होती. काहीच येत नव्हतं म्हणून ती पानं कोरी नव्हती. मी तेच प्रश्न पडवीत तोंडी विचारले तेव्हा अर्ध्या प्रश्नांची सुरुवात त्याला येत होती. ‘मग लिहिलं का नाहीस?’ तर, ‘चुकलं असतं.’ चुकलेलं लिहिण्यापेक्षा कोरं बरं, हे शाळेत नऊ वर्षं बसून शिकलेलं शहाणपण. वहीत चुकलं की मास्तर सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. कोऱ्या पानाला कोण हसतं?

म्हणून मी एक नियम केला. खोडायचं असेल तर आधी तोंडानं कारण सांगायचं. वजाबाकी चुकली, चिन्ह चुकलं, सूत्र दुसरं होतं, काहीही चालेल. ‘वाटलं’ चालणार नाही, ‘तो म्हणाला’ तर अजिबात नाही. पहिले काही दिवस पडवीत नुसता पावसाचा आवाज. पोरं पेन उचलायची, माझ्याकडे बघायची, पेन खाली ठेवायची. बाय एकदा म्हणाली, “कारण सांगायचं तर मग बरोबरच राहू दे.” दुसरा नियम, प्रश्नपत्रिका हातात आल्यावर दहा मिनिटं पेनाला टोपण. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी मिळायचा, नुसता वाचायला. २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी जोडून देतात. पेपरफुटीवर इलाज म्हणून केलंय, ते ठीक. पण आमच्या पोरांना शेवटची दहा मिनिटं नकोच असतात, ती तोवर खिडकीबाहेर बघत असतात. त्यांना पहिलीच हवीत. मग आम्ही ती आमची आम्ही काढून घेतली. देवळाच्या सभामंडपात बसवून दोन तासांचा पेपर लिहून घ्यायचा, मध्ये उठायचं नाही, पाणी नाही, मोबाईल माझ्या पिशवीत. समासात प्रश्न क्रमांक, उपप्रश्न क्रमांक, खाली एक ओळ मोकळी. हे शिकवायला गणित यावं लागत नाही. सलग दोन तास एका जागी बसणं हाच या पोरांना सगळ्यात अवघड विषय, आणि त्याचं पुस्तक कुठे मिळत नाही.

पेपराच्या दिवशी धो धो पाऊस. वस्तीची एसटी पहाटे सुटते ती गाठायची, कारण पुढची येईल का याची खात्री नसते. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हापासून तर चार तास पाऊस लागला की इथे प्रत्येकाचे कान नदीच्या बातमीकडे असतात. हॉल तिकीट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, बायचं एका डब्यात. बाय त्या आठवड्यात लावणी सोडून आली होती, तिच्या आईनं तिच्या जागी मजुरीनं बाई लावली आणि वर मला ऐकवलं की तुमच्या इंग्रजीपायी मला इतके रुपये पडले. केंद्र तालुक्याला. मार्चला तिथे पाय ठेवायला जागा नसते, पालक गेटला लटकलेले असतात. जुलैत व्हरांड्यात मोजकी पोरं, सगळी भिजलेली, एकमेकांकडे न बघणारी. समोर टपरीवाल्यानं चहा दिला, पैसे घेताना “रिपीटर का?” विचारलं आणि मग स्वतःच ओशाळला.

तांडेल पेपर देऊन शेवटची घंटा झाल्यावर बाहेर आला. हेच मला पुरेसं होतं. सोपा गेला, अवघड गेला, काही बोलला नाही. एसटीत बसल्यावर म्हणाला, “आप्पा, पुढच्या बाकावर कोनच नव्हता.”

बाय इंग्रजीत निघाली. बेतासबात, पण निघाली. आता ती तालुक्याला शिवणाचा कोर्स करते आणि इंग्रजीचं नाव काढलं की कानावर हात ठेवते. तिनं लावून सोडलेल्या अर्ध्या मळ्याचा हिशेब तिच्या आईच्या तोंडून अजून ऐकू येतो.

तांडेलाचा निकाल लागला तेव्हा तो समुद्रात होता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, बोटी बाहेर पडल्या होत्या, त्याचा फोन रेंजबाहेर. बैठक क्रमांक माझ्याकडे लिहून ठेवलेला होता. साईटवर तो टाकला, खाली आईचं नाव टाकावं लागतं ते टाकलं. गणित ३८. छत्री घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओटीवर सूप घेऊन सुकट पाखडत बसली होती. सांगितलं.

“झाला म्हंजे? पुरा झाला?”

“पुरा झाला.”

तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले. मला वाटलं आता देवापुढे साखर ठेवेल.

“त्याचा मामेभाऊ कतारला हाय,” ती म्हणाली. “कवापासनं बोलावतोय. मी म्हनत होते, नापास हाय, कुठं घेतोस त्याला.” मग जरा वेळानं, “हर्णैपत्तोर जात होता तोच बरा होता.”

मी काय बोलणार? म्हटलं, गुणपत्रिका हातात यायला वेळ आहे अजून, मग शाळेचा दाखला, मग पासपोर्टाची तारीख, एवढ्यात काही होत नाही.

“तो दाखला आनायला तुमीच जा त्याच्यासंगती,” ती म्हणाली आणि सूप उचललं. “मी नाय जायाची. पेढे पाठवते संध्याकाळी.”